मधलें घर

मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते, अशी समजूत महाराष्ट्रांत घरोघर आहे. माळ्यावरच्या अडगळींत, लांकडांच्या ढिगामागें, कपाटाच्या खालच्या खणांत ती आज येथें तर चार दिवसांनीं तेथें आपला संसार थाटते. सात हा आंकडा कोणी मोजून ठरविलेला नाहीं. परंतु समजुतीच्या मुळाशीं असलेलें निरीक्षण खरें आहे. एकाच जागीं फार दिवस राहिल्यास शत्रूला सुगावा लागतो, म्हणून आई बिऱ्हाड हलविते. मानेच्या कातड्याला धरून तिनें उचललें कीं पिलूं अंग सैल सोडून निश्चल होतें. दक्षिणेंतील श्रीवैष्णव आचार्यांनीं ह्याच दृश्यावरून भक्तीची एक मीमांसा उभारली. माकडाचें पिलूं आईला स्वतः बिलगून राहतें. मांजराच्या पिलाला आईच उचलून नेते. पहिला मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. वडगळै पंथानें जीवाच्या प्रयत्नाला महत्त्व दिलें, तर तेंगळै पंथानें सर्व भार ईश्वरी कृपेवर टाकला.

परंतु आईच नाहींशी झाली तर पिलाला कोणी उचलावयाचें? ह्या प्रश्नाला मनुष्यानें निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्यांपैकीं एक जुनें उत्तर इजिप्तमधील कैरो शहरांत सांपडतें. १२७७ सालीं मरण पावलेला मामलूक सुलतान बैबर्स ह्यानें मांजरांच्या पोषणासाठीं एक बाग धर्मादाय करून दिली, अशी परंपरा आहे. १८३० नंतरच्या दशकांत कैरोमध्यें राहिलेला इंग्रज पंडित एडवर्ड लेन ह्यानें त्या देणगीची पुढील अवस्था नोंदून ठेविली. धर्मादायाचा भार तेव्हां काजीवर होता, आणि रोज दुपारनंतर न्यायकचेरीच्या मोठ्या चौकांत मांजरांना बोलावून खाऊं घालण्यांत येई. लेन आणखीहि एक गोष्ट सांगतो. ज्यांना आपलें मांजर नकोसें होई, ते तें आणून त्याच चौकांत सोडून देत. अन्नछत्र आणि टाकून देण्याची जागा अशीं दोन्ही एकाच चौकांत नांदूं लागलीं. आश्रयस्थानांच्या पुढील इतिहासांत हा पेंच वारंवार दिसतो.

मुंबईनें दिलेलें उत्तर निराळें होतें. १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांना मारण्याचा सरकारी हुकूम अमलांत येऊं लागला, तेव्हां पारशी समाज संतापून उठला, इतर समाजांतील लोक त्यांना मिळाले आणि शहराचे व्यवहार बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई आणि जैन सावकार शेट मोतीशा ह्यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ संस्था स्थापन झाली. गुजराथेंत अशा संस्थांची परंपरा त्यापूर्वींच दृढ झालेली होती. तिचें तत्त्व स्पष्ट होतें: दारीं आलेला जीव मारावयाचा नाहीं, त्याला मरेपर्यंत सांभाळावयाचें. ह्या तत्त्वाची थोरवी कोणीहि मान्य करील. मात्र ज्या संस्थेचें दार आंत येणाऱ्याला उघडें असतें आणि बाहेर जाण्याचा रस्ता क्वचितच असतो, तेथें गर्दी होणें अटळ असतें.

लंडन शहरांत १८६० सालीं मेरी टील्बी नांवाच्या बाईंनीं हॉलोवे भागांत चुकलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक घर उघडलें. माणसें उपाशी असतांना कुत्र्यांचे लाड कसले, म्हणून ‘टाइम्स’ पत्रानें त्यांची थट्टा केली. उलट चार्ल्स डिकन्स ह्यांच्या साप्ताहिकांत १८६२ सालीं ह्या घराचें कौतुक करणारा लेख आला. बाई १८६५ सालीं वारल्या. संस्था १८७१ सालीं बॅटरसी येथें गेली आणि १८८३ पासून मांजरांनाहि आंत घेऊं लागली. येथील कल्पना पांजरपोळीहून भिन्न होती. चुकलेलें जनावर धन्याला परत द्यावें, धनी न मिळाल्यास नवें घर पाहावें, अशी ती होती. बाहेर जाण्याचा रस्ता अशा रीतीनें मोकळा झाला. पण तो सर्वांना पुरला नाहीं. उरलेल्यांना यातना होऊं नयेत म्हणून डॉक्टर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन ह्यांनीं योजलेली, वायूनें प्राण घेणारी कोठडी १८८४ सालीं तेथें बसविण्यांत आली. दयेच्या पोटीं ही कोठडी जन्माला आली, हें त्या काळाचें मोठें दुःख होय.

ह्या सर्व व्यवस्थेंत सर्वांत अधिक हाल झाले ते आईवेगळ्या पिलांचे. मोठें मांजर पिंजऱ्यांत चार दिवस काढूं शकतें. दोन दिवसांचें पिलूं एक रात्रहि काढूं शकत नाहीं. जन्मतः त्याचें वजन सुमारें १०० ग्राम असतें. डोळे उघडावयास आठ-दहा दिवस लागतात. स्वतःची ऊब त्याला राखतां येत नाहीं. दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, त्याला पाजावें लागतें. मलमूत्रविसर्जनहि आईच्या चाटण्यावांचून होत नाहीं. तेथें ओल्या कापसाच्या बोळ्यानें हलकेंच पुसून आईचें काम करावें लागतें. थंडगार पडलेल्या पिलाला आधीं ऊब द्यावी लागते. त्यापूर्वीं पाजलेलें दूध त्याला पचत नाहीं. माणसाच्या तान्ह्या मुलासारखें उताणें धरून पाजल्यास दूध फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. दयाळू घरांतून हमखास पुढें येणारी गाईच्या दुधाची वाटीहि येथें निरुपयोगी ठरते, कारण त्या दुधांत प्रथिनें व स्निग्धांश मांजरीच्या दुधापेक्षां कमी असतात आणि पिलाला जुलाब होतात.

ह्याहून मोठा शत्रु म्हणजे संसर्ग. आईच्या पहिल्या दुधांतून मिळणारें संरक्षण ज्याला लाभलें नाहीं, त्याला शेंकडों जनावरांच्या सहवासांत ठेवणें म्हणजे रोगाच्या स्वाधीन करणें होय. मांजरांच्या साथीच्या रोगांपैकीं एक असा आहे कीं त्याचे विषाणू खोलींत वर्षभरहि तग धरतात. लस टोंचावयाची ती सहा ते आठ आठवड्यांनंतर. तेव्हां ह्या मधल्या काळांत पिलाला मोठी इमारत नको असते. कोणाच्या तरी घराचा एक कोपरा हवा असतो.

ही गोष्ट माणसाच्या मुलांच्या बाबतींत लंडनकरांना फार पूर्वीं उमगली होती. टॉमस कोरम ह्यांच्या खटपटीनें १७३९ सालीं सनद मिळालेल्या अनाथ बालकाश्रमांत आलेलीं तान्हीं मुलें तेथें ठेवून घेत नसत. खेड्यांतील दायांच्या घरीं त्यांना पाठवीत आणि सुमारें पांच वर्षांचीं झाल्यावर परत आणीत. मांजराच्या पिलांना हाच न्याय लावावयास पुष्कळ काळ जावा लागला. लंडनमध्यें १९२७ सालीं मांजरांच्या रक्षणासाठीं स्वतंत्र संस्था निघाली, आणि स्वयंसेवकांच्या घरीं मांजरें ठेवणें हा पुढें तिच्या कार्याचा एक आधार बनला. अमेरिकेंत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक आश्रयस्थानांतून बाटलीनें पाजावीं लागणारीं पिलें आल्या दिवशींच मारून टाकीत. त्यांत क्रौर्य नव्हतें. रात्रभर जागणारीं माणसें नव्हतीं.

१९८० नंतरच्या दशकांत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठांत आयलीन कार्श ह्यांनीं केलेल्या संशोधनानें घराचें महत्त्व आणखी एका बाजूनें सिद्ध केलें. वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत ज्या पिलांना माणसांनीं रोज हाताळलें, तीं पुढें माणसाजवळ निर्भयपणें येतात व रमतात, असें त्यांना आढळलें. म्हणजे पिलाला जगविण्याचा जो काळ, तोच त्याला माणसाळविण्याचाहि काळ. भांड्यांचा आवाज, मुलांचा गलका, दारावरची थाप, हें सर्व त्या दिवसांत कानांवरून गेलें कीं पुढचें घर परकें वाटत नाहीं.

१९९४ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत नगरपालिकेची यंत्रणा आणि तेथील प्राणिदया संस्था ह्यांच्यामध्यें करार झाला कीं निरोगी व घरीं देण्याजोगें कोणतेंहि कुत्रें वा मांजर मारावयाचें नाहीं. २०१० सालीं टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या नगरसभेनें शंभरांतील नव्वद जनावरें जिवंत बाहेर पडलीं पाहिजेत, असें ध्येय ठरविलें. असा शब्द पाळावयाचा तर पिलांसाठीं खासगी घरांची मदत घेणें प्राप्त होतें. २०२० सालच्या साथींत आश्रयस्थानें बंद करण्याची वेळ आली, तेव्हां तर अनेक शहरांतील नागरिकांनीं तेथील जनावरें थोड्या दिवसांत आपापल्या घरीं नेलीं. मुंबई-पुण्यांतहि अशीं मधलीं घरें आज आहेत. कोठें गच्चीवरच्या खोलींत, कोठें न्हाणीघराच्या कोपऱ्यांत एक खोकें, ऊन पाण्याची बाटली आणि वजनाचा लहान कांटा एवढ्यावर हा संसार चालतो. वजन रोज दहा-पंधरा ग्राम वाढलें म्हणजे रात्रीचें जागरण सार्थकीं लागतें. दोन महिन्यांत पिलूं किलोच्या आसपास येतें, आणि मग त्याला कायमचें घर पाहावयाचें.

सर्वांत अवघड भाग येथेंच येतो. ज्यानें पाजलें, पुसलें, जगविलें, त्यानेंच तें दुसऱ्याच्या ओंजळींत द्यावयाचें. पुष्कळांना तें साधत नाहीं. अशांना पाश्चात्य देशांत थट्टेनें ‘नापास पालक’ म्हणतात. ह्या नापासांना दोष कोणी देऊं नये. परंतु हिशोब उघड आहे. घर भरलें म्हणजे पुढच्या पिलांसाठीं एक जागा कमी झाली.

कालिदासाच्या शाकुंतलांत, चौथ्या अंकांत, सासरीं निघालेल्या शकुंतलेचा पदर एक हरिणशावक ओढतें. आई मेल्यावर तिनेंच त्याला दाणे भरवून वाढविलेलें असतें. ती त्याला कण्वांच्या हवालीं करते. आणि ते कण्व स्वतःच त्या क्षणीं, वनांत सांपडलेल्या व लेकीप्रमाणें वाढविलेल्या मुलीला निरोप देत असतात. दोघांचेहि डोळे ओले आहेत, आणि तरीहि कोणी कोणाला अडवून ठेवीत नाहीं.

मधल्या घरांतहि त्या दिवशीं असेंच होतें. नवे धनी येतात, पिलूं टोपलींतून जातें, दार लागतें. मग रिकामें खोकें टाकून द्यावयाचें, फडकीं जंतुनाशकाच्या पाण्यांत धुऊन उन्हांत वाळत घालावयाचीं, आणि बाटली उकळून ठेवावयाची. कारण कोठल्या तरी जिन्याखालीं, आईची वाट पाहत, दुसरीं पिलें ओरडत असतात.