दोन कासरे

आमच्या बऱ्हाणपुरात कर्करोगाचे निदान झाले की 'टाटाला न्या' हे वाक्य हमखास कानी पडते. भुसावळमार्गे मुंबई गाठायची आणि परळचा रस्ता धरायचा. तेथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाचा आणि तंबाखूचा संबंध डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी त्याच दशकात अभ्यासला. पण पेशीच्या आत नेमके काय बिघडते, हे तेव्हा उलगडायचे होते.

पेशींची वाढ आवरणारे काही गुणसूत्रांत असावे व ते हरवल्यास अर्बुद वाढत असावे, असा तर्क जर्मनीच्या बोव्हेरीने १९१४ सालीच केला होता. १९७१ मध्ये अमेरिकेत नुडसनने लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगावरून त्याचे गणित मांडले. आवर घालणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. हे बैलाचे दोन कासरे समजा. एक तुटला तरी दुसऱ्याने बैल आवरतो. दोन्ही तुटले की उधळतो. ते जनुक १९८६ साली तेराव्या गुणसूत्रावर हाती लागले. तोंडाच्या कर्करोगात अनेकदा नवव्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला आढळतो.

काही बाळे एक कासरा तुटलेलाच घेऊन जन्मतात. त्यात ना आईचा दोष, ना पूर्वजन्मीचे पाप. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर देवऋषी नको, डॉक्टर गाठावा. भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत. आणि तंबाखूची पुडी? धडधाकट कासरे आपल्याच हाताने का झिजवावेत?