जॉबर व बदली पद्धत (मुंबईच्या कापडगिरण्या)

जुन्या गिरणी कामगारांचे कसब नव्यांच्या हाती देणारी तोंडी व्यवस्था. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग व लगतच्या भागांत, म्हणजे गिरणगावात, ही पद्धत रुजली.

जॉबर : खात्याचा मुकादम. माणसे भरणे, त्यांना कामाला लावणे, पाळीवर देखरेख ठेवणे व साच्याची (यंत्राची) किरकोळ दुरुस्ती ही त्याची कामे. भरती बहुधा नातेवाईक व गाववाल्यांतून होई. त्यासाठी जॉबरला दस्तुरी (लाच) द्यावी लागे. स्त्रिया असलेल्या वाइंडिंगसारख्या खात्यांत नायकीण (स्त्री मुकादम) असे.

शिक्षण : हाताखाली राबून. त्रासन (सूतकताई) खात्यात पोरगा डॉफर म्हणून लागे, भरलेल्या बॉबिनी उतरवी, तुटलेले सूत सांधायला शिके आणि हात बसला की सायडर (साच्याची बाजू सांभाळणारा) होई. साचे (विणकाम) खात्यात नवखा जुन्या विणकराशेजारी उभा राही. कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या कल्पनेपोटी याच कारणावरून दलित कामगारांना साच्यावर घेत नसत. जादा मजुरीचे हे कसब त्यांना शिकताच येत नसे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ही बंदी सर्व गिरण्यांत सारखी नसावी.

बदली : गैरहजर कायम कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. रोज वेगळ्या साच्यावर उभे राहावे लागल्याने त्याचा हात तयार होई. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. तिच्यानुसार निवडक बदली कामगारांना कार्डे मिळत. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची व रिकामी जागा आधी त्याला द्यायची, असा नियम होता. दस्तुरीला आळा घालणे हा हेतू. तो कितपत साधला याविषयी मतभेद आहेत.

तांत्रिक शिक्षण : व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (१८८७, आजची व्हीजेटीआय) येथे. मुख्यतः मास्तर व वरच्या तंत्रज्ञांसाठी.

अस्त : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप (१८ जानेवारी १९८२ पासून, सुमारे अडीच लाख कामगार) व त्यानंतरची गिरणीबंदी यांमुळे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गिरणी कामगाराचा ‘वारस’ हा शब्द आता कसबाच्या नव्हे, तर प्रामुख्याने म्हाडाच्या (राज्य गृहनिर्माण प्राधिकरण) घरांच्या सोडतीसंदर्भात आढळतो.