जमिनीवरून मेजावर : खानदेशातील कारागिराच्या जागेचा इतिहास

घराच्या पडवीत किंवा मागच्या खोलीत हौसेने मांडलेले कामाचे मेज, म्हणजे जाड फळीचे, कमरेएवढ्या उंचीचे आणि कडेला शिकंजा बसवलेले असे टेबल, ज्याला आता सर्वत्र वर्कबेंच म्हटले जाते, ते खानदेशच्या खेड्यांतील जुनी वस्तू नव्हे. नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या वाटेवरील रनाळ्यासारख्या गावात लाकूड आणि लोखंड घडवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असले, तरी ते काम माणूस उभा राहून मेजावर करत नव्हता, तर जमिनीवर बसून करत होता. बसण्यापासून उभे राहण्यापर्यंतचा हा बदल केवळ सोयीचा नाही. हत्यारांचे दाते कोणत्या बाजूला वळलेले असावेत इथपासून ते काम कोणासाठी आणि कोणत्या मोबदल्यात करायचे इथपर्यंत अनेक गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत, म्हणून त्याचा इतिहास हत्यारांपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीच्या गावांत सुतार हा बलुतेदार होता. बलुतेदार म्हणजे गावाच्या शेतीला लागणारे ठरावीक काम वर्षभर करून त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने वाटा घेणारा वंशपरंपरेचा कारागीर. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे, तिच्यातील देवघेवीचे आणि तंट्यांचेही, तपशीलवार वर्णन आले आहे. नांगर, वखर, पाभर, जू आणि गाडी ही सुताराची मुख्य कामे होती, आणि त्यांसाठी लागणारे लाकूड बहुधा शेतकरीच आणून टाकत असे. कामाची जागा म्हणजे झाडाची किंवा छपराची सावली, जमिनीत अर्धवट पुरलेला एखादा ओंडका आणि त्याच्याभोवती पडलेल्या ढलप्या, म्हणजे वाकसाने उडालेले लाकडाचे तुकडे, एवढीच असे. वाकस हे सुताराचे मुख्य हत्यार होते. कुदळीसारखे आडवे पाते असलेल्या या हत्याराने लाकूड तासून त्याला आकार दिला जाई आणि नंतरच करवत, पटाशी व रंधा यांची पाळी येई.

पाश्चात्त्य सुताराचे लाकूड शिकंजा धरून ठेवतो, तर इथे ते काम पाय करत असत. एक पाय लाकडावर रोवून, दुसरा दुमडून, टाचेने किंवा अंगठ्याने लांब तुकडा दाबून धरायचा आणि दोन्ही हात हत्याराला मोकळे ठेवायचे, ही पद्धत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असे. सामता हे भोक पाडण्याचे हत्यार धनुष्याच्या दोरीने फिरवले जाई. एका हाताने वरचा मुठा दाबायचा आणि दुसऱ्याने धनुष्य पुढेमागे ओढायचे. या बैठकीचा परिणाम करवतीवरही झालेला दिसतो. बसलेल्या माणसाला करवत स्वतःकडे ओढताना जोर लावणे सोपे जाते, तर पुढे ढकलताना तोल सांभाळणे अवघड जाते, म्हणून देशी करवतींचे दाते ओढताना कापतील असे काढलेले असत. जपानमधील सुतारांचीही हीच रीत आहे. युरोपातील करवत मात्र ढकलताना कापते, कारण तिथला कारागीर उभा असतो आणि त्याच्या शरीराचे वजन पुढे झुकून पात्यावर येते.

हत्यारे मांडण्याची व्यवस्थाही या बैठकीतूनच ठरत होती. हाताच्या टप्प्यात जेवढे येईल तेवढेच जवळ ठेवायचे, बाकीचे पेटीत किंवा गोणपाटाच्या पिशवीत, कारण सुताराला अनेकदा शेतकऱ्याच्या खळ्यावर किंवा वाड्यात जाऊन काम करावे लागे आणि सगळा संसार उचलून नेता आला पाहिजे असे. भिंतीवर खिळ्यांना टांगलेली, एकाखाली एक ओळीने लावलेली हत्यारे हे दृश्य स्थिर दुकानाचे आहे, फिरत्या कारागिराचे नव्हे. वर्षातून एकदा, नवरात्रातील खंडेनवमीला, ही सर्व हत्यारे बाहेर काढून, पुसून, पाटावर मांडून त्यांची पूजा होत असे आणि आजही होते. धार्मिक बाजू बाजूला ठेवली तरी, प्रत्येक हत्यार हातात घेऊन तपासण्याचा हा दिवस होता, आणि गहाळ झालेले, गंजलेले किंवा दांडा सैल झालेले हत्यार त्या दिवशी नजरेतून सुटणे कठीण होते.

या भागात लाकडाची वाण नव्हती. उत्तरेला सातपुडा आणि अक्राणीचे डोंगर, पश्चिमेला डांगची सागवानी राने, आणि या दोहोंचा माल उतरणारी तळोद्याची पेठ. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत तळोद्याची नोंद खानदेशातील लाकडाचा मुख्य बाजार म्हणून आणि उत्तम लाकडी गाड्या बनवणारे गाव म्हणूनही आली आहे. साग तासायला सोपा आणि टिकाऊ, पण गाडीच्या चाकाला किंवा नांगराला तो चालत नसे. तिथे बाभूळ, धावडा, तिवस यांसारखी चिवट लाकडे लागत, आणि खानदेशात विपुल असलेला अंजन तर इतका कठीण आणि जड की त्याच्यापुढे साध्या पटाशीची धार फार वेळ टिकत नाही. गाडीचे चाक हा सुताराच्या कौशल्याचा कस होता. तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्यात, आरे ठोकून बसवायचे, त्यांवर पुठ्यांचे तुकडे जोडून वर्तुळ पुरे करायचे आणि शेवटी लोहाराने तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतायचे. थंड होताना आकसलेली धाव सगळे सांधे आवळून टाकत असे. हे सारे जमिनीवर होत असे, आणि एवढे मोठे काम कमरेच्या उंचीवर उचलून ठेवण्यात काही अर्थही नव्हता, ही गोष्ट मेजाचे गोडवे गाणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

मेजाचा स्वतःचा इतिहास दुसरीकडे घडला. हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या रोमन भित्तिचित्रात सुतारकामाचे एक बुटके मेज दिसते, आणि जर्मनीतील साल्बुर्ग येथील रोमन ठाण्याच्या विहिरीत तसली मेजे प्रत्यक्ष सापडली आहेत. ती बसता येईल इतकी ठेंगणी आहेत. म्हणजे युरोपातही कारागीर पूर्णपणे उभा राहिला तो नंतर. उंच, जाडजूड आणि लाकडी स्क्रूच्या शिकंज्याने सजलेल्या मेजाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन आंद्रे-जाकोब रूबो या पॅरिसच्या सुताराने आपल्या ग्रंथात केले, ज्याचे भाग 1769 पासून निघू लागले. रूबोच्या मेजाची फळी एका अखंड लाकडाची असे आणि तिच्या पायांचा पुढचा भाग फळीच्या कडेशी सरळ रेषेत असे, जेणेकरून लांब फळी उभी दाबून धरताना पायही आधार देत. जगभरचे हौशी सुतार आजही त्याच आराखड्याच्या नकला करतात.

खानदेशात हे मेज शाळेतून किंवा हौसेतून आले नाही, ते यंत्रांबरोबर आले. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच सुमारास कापसाचे भाव चढले, आणि त्यानंतरच्या दशकांत जिनिंगचे कारखाने, म्हणजे कापसातील सरकी वेगळी करणारे कारखाने, जागोजागी उभे राहू लागले. जिनांचे चामडी रूळ खाचणे, सुऱ्यांना धार लावणे, बेअरिंगचे झिजलेले भाग बदलणे या कामांसाठी लोखंडी शिकंजा बसवलेले मेज अटळ होते, कारण कानस चालवताना तुकडा हालला की माप बिघडते आणि धातू पायाने दाबून धरता येत नाही. सुरत-भुसावळ मार्गाचा तापी खोऱ्यातील भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला, तेव्हा ही यंत्रांची संस्कृती नंदुरबारच्या परिसरातही शिरली. तिच्याबरोबर मिस्त्री हा नवा माणूस आला, जो बलुतेदार नव्हता, पगार किंवा रोजंदारी घेत होता आणि ज्याची हत्यारे बहुधा मालकाची असत.

याच काळात इंग्रज निरीक्षकांनी बसून काम करणाऱ्या देशी कारागिराला मागासलेला ठरवले आणि त्याला उभे करणे हे औद्योगिक शिक्षणाचे एक उद्दिष्ट बनले. हे मत उथळ होते. कानसकाम, रंधकाम आणि एकाच मापाचे शेकडो नग काढणे यांसाठी उभे मेज निर्विवाद सरस आहे. पण वाकसाने वाकडे लाकूड तासणे, चाक जोडणे किंवा दुरुस्तीचे फुटकळ काम करणे यांत बैठक काहीही गमावत नाही. प्रश्न शरीराच्या मुद्रेचा नसून कामाच्या प्रकाराचा होता, आणि तो प्रकारच बदलत होता.

तो बदलण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले, बेळगावात 1888 साली सायकलचे दुकान काढले, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला. 1910 साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसली. दुकानातील मेजावर सुरू झालेल्या या उद्योगाने गावोगावच्या सुताराचे मुख्य काम हळूहळू हिरावून घेतले, कारण लोखंडी नांगर काळ्या जमिनीत खोल जात असे आणि दर हंगामाला तो पुन्हा घडवावा लागत नसे. पुढे हवेच्या टायरांची, गावात डनलॉप म्हणून ओळखली जाणारी गाडी आली आणि आरे-पुठ्यांचे चाकही मागे पडले. काही सुतार दारे-खिडक्यांकडे वळले, काही शहरात फर्निचरला गेले, आणि ज्यांनी वेल्डिंग किंवा पंपाच्या मोटारीचे काम उचलले त्यांना मेज घ्यावेच लागले.

शिक्षणाच्या क्षेत्रात मेज वेगळ्या वाटेने आले. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या पुढाकाराने 1866 साली हस्तकाम शाळेत सक्तीचे झाले, आणि स्वीडनमधील ऑटो सालोमन यांनी त्याची स्लॉइड नावाची पद्धतशीर रचना केली, ज्यात मुलाने साध्या वस्तूपासून कठीण वस्तूपर्यंत चढत जायचे असते आणि उद्देश सुतार घडवणे हा नसून माणूस घडवणे हा असतो. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीम या योजनेची वाट वेगळी होती. तिथे हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे माध्यम होते आणि त्यातून उत्पन्नही यावे अशी अपेक्षा होती. या दोन्हींची वैचारिक भव्यता मान्य करूनही, खेड्यातील शाळांत प्रत्यक्ष टिकले ते कताईचे सूत आणि थोडा बागकामाचा तास. सुतारकामाची खोली फार ठिकाणी उघडलीच नाही. 1950 पासून सुरू झालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, म्हणजे आयटीआयने, शिकंज्यासमोर उभे राहून चौकोनी लोखंडी तुकडा कानसेने सपाट करण्याचा धडा हजारो मुलांना गिरवायला लावला, आणि फिटरच्या त्या कंटाळवाण्या पहिल्या महिन्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात मेजाची सवय जेवढी रुजवली तेवढी कोणत्याही सिद्धान्ताने रुजवली नाही.

हौसेचे मेज हा या साऱ्यानंतरचा अध्याय आहे. त्यासाठी मोकळा वेळ, विजेचा पुरवठा आणि स्वस्त हत्यारे या तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. फाळणीनंतर जालंधरमध्ये वाढलेल्या हत्यार उद्योगाने शिकंजे, पाने आणि पकडी सामान्य घराच्या आवाक्यात आणल्या. पाश्चात्त्य देशांत याच दिशेने एक गमतीशीर शोध लागला : दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये मोटारींची रचना करणारे रॉन हिकमन यांनी 1961 साली लाकूड कापताना खाली ठेवलेली एक महागडी खुर्चीच करवतली, आणि त्यातून त्यांनी घडीचे, दोन फळ्यांतच शिकंजा असलेले मेज रचले, जे ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1972 पासून विकले. पाय रोवून ते मेज स्थिर ठेवण्याची सोय त्यात आहे, आणि पाय कामात घेण्याची देशी सुताराची युक्ती अशी पुन्हा मागच्या दाराने परत आली.

मेज मांडताना जे नियम पाळले जातात ते याच इतिहासातून आलेले आहेत. रंध्याचे काम अधिक असेल तर फळीची उंची उभ्या माणसाच्या मनगटाच्या सुमाराला ठेवतात, जेणेकरून शरीराचे वजन खाली उतरते. कानसकामाला शिकंज्याचा जबडा कोपराच्या पातळीवर हवा, आणि बारीक जोडकामाला, जसे रेडिओ किंवा मोबाइलचे डाख, त्याहूनही थोडा वर. एकाच मेजावर तिन्ही साधायला बघणारा सर्वांत अडचणीत येतो. फळी जड असावी, कारण हलके मेज हातोडीच्या प्रत्येक घावाला सरकते, आणि पुष्कळदा नव्या प्लायवूडपेक्षा जुन्या दाराची सागवानी फळी अधिक उपयोगी ठरते. हत्यारे भिंतीवर टांगून प्रत्येकाची बाह्यरेषा रंगाने काढून ठेवण्याची कारखान्यातील रीत घरीही चालते, पण जिथे काम शेतावर जाऊन करावे लागते तिथे ती अपुरी पडते आणि जुनी पेटी पुन्हा आठवते. रनाळ्यासारख्या शेतीच्या गावात घरच्या मेजावर येणारी पहिली वस्तू खुर्ची किंवा खेळणे नसते. फवारणीच्या पंपाचा गळणारा वॉशर, विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर किंवा ठिबकच्या नळीचा सांधा असतो, आणि म्हणून तिथल्या मेजावर पटाशीआधी पाना आणि मल्टिमीटर असणे हे त्या जागेच्या गरजेशी सुसंगत आहे.

या गरजेचा शाळेत विचार करणारा सर्वांत ठोस प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि माध्यमिक शाळेतील मुलांनी आठवड्यातील एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा, शेती, घर व आरोग्य यांतील खरी कामे गावासाठी करावीत, अशी योजना आखली. ही मुले घरे बांधत, दरवाजे वेल्ड करत आणि गावकऱ्यांकडून त्याचे पैसे घेत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मदतीने उभारलेल्या फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लहान यंत्रांच्या कार्यशाळा, यांपैकी एमआयटीबाहेरील अगदी सुरुवातीची एक 2002 च्या सुमारास याच पाबळमध्ये आली. तिथे लेझर कटरशेजारीच साधा शिकंजा आणि कानस ठेवलेली असते, कारण यंत्राने कापलेला तुकडा अखेर हातानेच बसवावा लागतो. बलुत्याच्या व्यवस्थेशी या प्रयोगाचे एक साम्य आहे आणि एक मोठा फरकही : काम गावाच्या गरजेतून येते, पण ते कोणी करायचे हे जन्मावरून ठरत नाही, आणि मुलगीही शिकंज्यासमोर उभी राहते.