बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खिशातून?

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलीचा अकीका झाला. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. देग उतरायला वेळ होता, पुरुषमंडळी मांडवात बसली होती, आणि बोलणे फिरत फिरत तिच्या रजेवर आले. सहा महिने भरपगारी. माझ्या चुलतभावाचे इचलकरंजीत आठ यंत्रमाग आहेत. तो म्हणाला, "मी माग बंद ठेवले तर मला कोण पगार देतो? हिचा पगार आमच्याच करातून जातो ना?" इमामसाहेब शेजारीच होते. ते म्हणाले, "हजरत उमर यांच्या काळात दूधपित्या मुलांनाही बैतुलमालमधून वजीफा मिळत होता." तेवढ्यात ताटे आली आणि विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. ताटे आणणाऱ्यांत एक बाई होती, ती भावाच्याच कारखान्यात कांड्या भरते. तिचे तिसरे बाळंतपण होऊन दोन महिने झाले होते आणि पंधराव्या दिवशीच ती कामावर आली होती, हे मला नंतर घरात कळले.

भावाचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण तो आजचाही नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुंबईत तो असाच विचारला गेला होता. त्याचे जे अर्धे उत्तर तेव्हा दिले गेले, त्यावरच आपण अजून चाललो आहोत.

१९२० च्या आसपास मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. रिळे आणि बॉबिन भरण्याची खाती बहुतांश त्यांच्याच हातात होती. पोट दिसू लागले की नोकरी जाईल या भीतीने शेवटच्या दिवसांपर्यंत काम करायचे, बाळंत झाले की शक्य तितक्या लवकर परत यायचे. तान्ह्या मुलाचे काय? त्याला बाळागोळी. बाळागोळीत अफू असे. आई खात्यात उभी आणि मूल चाळीतल्या खोलीत गुंगीत पडलेले. गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बाईंनी त्या काळात हे लिहून ठेवले आहे, आणि अशी मुले थोडीथोडकी नव्हती, बहुसंख्य होती.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. तिथे बाळंतपणाविषयीचा करार झाला. आधी सहा आठवडे, नंतर सहा आठवडे रजा, आणि त्या काळातला भत्ता सरकारी खजिन्यातून किंवा विम्यातून. मालकाच्या खिशातून नव्हे. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे ना. म. जोशी गेले होते. परत आल्यावर त्यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. हिंदुस्थानने तो करार कधी मान्य केला नाही, आणि स्वतंत्र भारतानेही अद्याप केलेला नाही.

मग हा विषय मुंबईच्या कौन्सिलात आला. १९२८ मध्ये आर. एस. आसवले यांनी विधेयक मांडले. आंबेडकर जयंतीला फिरणाऱ्या संदेशांत हे विधेयक बाबासाहेबांनी मांडल्याचे लिहिलेले असते. ते तसे नाही, आणि बाबासाहेबांचे मोठेपण सिद्ध करायला त्याची गरजही नाही. त्यांनी २८ जुलै १९२८ रोजी विधेयकाच्या बाजूने भाषण केले, ते भाषण छापील खंडांत आहे आणि लहानसेच आहे. सरकारपक्ष आणि गिरणीमालक दोघांचाही विरोध होता. भार उद्योगावर का टाकता, हा मालकांचा मुद्दा.

बाबासाहेबांनी तो मुद्दा झिडकारला नाही. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ते म्हणाले. आणि लोकांचे हित जपणे हे मुळात सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, हेही त्यांनी मान्य केले. जिथे जिथे असा भत्ता सुरू झाला तिथे सरकारने काही भार घेतलेला आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. मात्र मालक सुटत नाही, हे पुढे सांगितले. मालक ज्या खात्यात बायका ठेवतो तिथे त्या पुरुषांपेक्षा फायद्याच्या पडतात म्हणूनच ठेवतो. नफा घेतो, तर खर्चाचा काही भाग त्यानेही द्यावा.

म्हणजे त्यांच्या हिशेबात दोन खिसे होते. १९२९ च्या मुंबई कायद्यात एकच आला, मालकाचा. रोज आठ आणे भत्ता, आणि सरकारची एक पैही नाही. इंग्रज सरकारला हे सोयीचे होते. कायदा केल्याचे नाव झाले आणि तिजोरीला हात लागला नाही.

मला हा त्या कायद्यातला सगळ्यात महागात पडलेला दोष वाटतो. भत्ता दोन पगारदारांतल्या फक्त एकीमुळे द्यावा लागत असेल, तर मालक दुसऱ्यालाच कामावर ठेवणार. त्यासाठी तो दुष्ट असावा लागत नाही, हिशेबी असला तरी पुरे. पुढच्या वीसेक वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतले बायकांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्याचे सगळे खापर या कायद्यावर फोडणे चुकीचे ठरेल. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, मंदी होती, आणि बायकांच्या खात्यांत नवी यंत्रे आली होती. पण आठ आणे हेही त्यातले एक कारण होते, हे गिरणी कामगारांच्या इतिहासकारांनी मांडले आहे. कायदा होऊनही सगळ्यांना भत्ता मिळाला असे नाही. नोकरीचे ठरावीक महिने भरायच्या आत बाईला कमी केले की विषयच मिटला.

स्वातंत्र्यानंतर वाट थोडी रुंदावली. १९४८ चा राज्य विमा कायदा हा वॉशिंग्टनच्या धर्तीवरचा. मालक आणि कामगार दोघे वर्गणी भरतात आणि भत्ता महामंडळ देते, त्यामुळे एका बाईचे बाळंतपण एका मालकाच्या अंगावर येत नाही. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मात्र विम्याबाहेरच्या नोकऱ्यांत पुन्हा मालकच धरला. १२ आठवडे. २०१७ मध्ये त्याचे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाले, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही आले. टाळ्या वाजल्या. पण पैसे कोणाचे? मालकाचेच. पुढच्या वर्षी २६ पैकी सात आठवड्यांचा पगार सरकार परत देईल अशी घोषणा श्रम मंत्रालयाकडून झाली. ती कागदावरच राहिली. १९२८ सालचा दुसरा खिसा पुन्हा उघडता उघडता बंद झाला.

सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी, कारण तिथे मालक आणि सरकार एकच. केंद्राच्या कर्मचारी स्त्रियांना पूर्वी ९० दिवस रजा होती. पाचव्या वेतन आयोगानंतर १३५ झाली, सहाव्या आयोगानंतर २००८ पासून १८० दिवस. शिवाय सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा. बापाला पंधरा दिवस. महाराष्ट्रानेही सहा महिने दिले आणि २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. भावाने बोट ठेवले ते यावर, आणि देशात करदात्याने बाळंतपणाचा पूर्ण पगार भरण्याची एवढीच एक मोठी सोय आहे हे खरेच.

सरकारनेही ती सहज दिलेली नाही. दिल्ली महापालिकेत हजेरीपटावर वर्षानुवर्षे रस्त्यांची कामे करणाऱ्या रोजंदारी बायकांना पालिकेने रजा नाकारली होती. त्या कायम नोकरीत नाहीत, एवढेच कारण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मार्च २००० मध्ये न्यायालयाने सांगितले की रोजंदारीवरच्या बाईचे बाळंतपणही बाळंतपणच असते. आदर्श मालक म्हणवणाऱ्या सरकारी यंत्रणेला हे न्यायालयाकडून ऐकावे लागले.

आणि या सोयीच्या बाहेर कोण आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपये द्यायचे ठरवले. सरकारी नोकरदार वगळून, म्हणजे त्या यादीच्या अगदी उलट. २०१७ मध्ये योजना निघाली तेव्हा त्याचे ५००० झाले, तेही पहिल्या मुलापुरते. पुढे दुसरे मूल मुलगी असेल तर ६००० अशी भर पडली. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. शिक्षिकेला सहा महिन्यांचा पूर्ण पगार आणि कांडीवालीला एकदाच पाच हजार. साबण आणि तेलावरचा कर मात्र दोघींनी सारखाच भरलेला. भाऊ करदाता म्हणताना स्वतःकडे बोट दाखवतो तेव्हा हे त्याच्या ध्यानात नसते.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर हिशेब आणखी उघडा आहे. सच्चर समितीला २००६ मध्ये सरकारी नोकऱ्यांत मुसलमान पाच टक्क्यांच्या आसपास सापडले. कमावत्या मुस्लिम बायका तर मोठ्या प्रमाणात घरबसल्या कामात, शिवण, जरी, विड्या, कांड्या यांत. सरकारी रजेवर जाणारी भाची आमच्या खानदानातली पहिली. तिच्यावर रागावण्यापेक्षा ती एकटीच का, हे विचारायला हवे होते. मांडवात कोणी विचारले नाही, मीही नाही.

आता इमामसाहेबांचा किस्सा. इब्ने साद वगैरेंच्या ग्रंथांत तो असा येतो. मदिनेबाहेर ईदगाहपाशी व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. हजरत उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ रात्री पहाऱ्याला गेले. एक मूल रडत होते. उमर आईला दोनतीनदा सांगून आले, तरी रडणे थांबेना. ती म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध सुटलेल्या मुलालाच वजीफा लावतात. ते कोण आहेत हे तिला ठाऊक नव्हते. त्या पहाटे फजरला रडण्यामुळे उमरांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी मुनादी करवली की मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्मापासूनच वजीफा मिळेल.

हा किस्सा आपण मिंबरवरून अनेकदा ऐकतो आणि तिथेच थांबतो. थोडे पुढे गेले पाहिजे. तो दीवान म्हणजे मुख्यतः फौज आणि तिच्या कुटुंबांचे दफ्तर होते. त्यात येणारा खराज बराचसा इराक आणि शामच्या बिगरमुस्लिम शेतकऱ्यांचा. म्हणजे तिथेही करदाता एक आणि लाभ दुसऱ्याला, माझ्या भावाची तक्रार त्या शेतकऱ्यालाही करता आली असती. बलाजुरीने पुढचेही लिहिले आहे. मुआविया यांच्या काळात हा वजीफा पुन्हा दूध सुटल्यावरच मिळू लागला आणि अब्दुल मलिकने तो मर्जीतल्या लोकांखेरीज बंदच केला. खजिना तोच होता, नियत बदलली.

तरीही त्या रात्रीच्या निर्णयात एक गोष्ट आहे जी आमच्या १९२९ च्याही कायद्यात नाही आणि २०१७ च्याही नाही. वजीफा बाळाच्या नावावर होता. आई कोणाकडे कामाला आहे, किती महिने भरले, याला तिथे जागा नव्हती. रस्त्यावर सापडलेल्या बेवारस मुलाचा खर्चही उमरांनी बैतुलमालवर टाकला होता, आणि त्याला तर विचारायला आईच नव्हती.

करदात्यांनी सरकारी शिक्षिकेची रजा भरावी का? भरावी. गिरणीमालक नफ्यासाठी बाई ठेवतो म्हणून त्याने द्यावे, हे बाबासाहेबांचे सांगणे सरकार नावाच्या मालकालाही लागू आहे. ती शिकवते ती मुले त्याच करदात्यांची आहेत. मात्र त्या सहा महिन्यांत वर्गावर दुसरा शिक्षक बहुतेक वेळा दिला जात नाही, दोन वर्ग एकत्र बसवले जातात, आणि पालकांचा राग बाळंतिणीवर निघतो. बदली शिक्षकाचा पगार वाचवणारे खाते त्या रागातून सुटते. तोही खर्च रजेच्या हिशेबात धरायला हवा.

परवा भावाचा फोन आला होता. त्याला मी विचारले, ती कांडीवाली पंधराव्या दिवशी आली तेव्हा तू काय केलेस? तो म्हणाला, "मी तिला बोलावले नव्हते, तीच आली." मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "महिनाभर घरी बस म्हटले असते, पण मजुरी मी एकट्याने कुठून द्यायची? शेजारचा देत नाही." हे १९२८ च्या गिरणीमालकाचेच बोलणे आहे, आणि आठ मागांच्या मालकाच्या तोंडी ते मला तितकेसे खोटे वाटले नाही. तिने पाच हजारांचा अर्ज भरला होता का, तेही विचारले. पहिल्या मुलाच्या वेळी भरला होता म्हणे. हे तिसरे.