फिश ऑइलच्या अंधाऱ्या केबिनमध्ये

पांढुर्ण्याहून दिल्लीकडची गाडी पकडा. सौंसरचे असाल, तर छोट्या लाइनने आधी नागपूर गाठा. सप्टेंबर १९६५ आहे. पांढुर्ण्याची दगडफेकीची गोटमार होऊन दोनेक आठवडे झालेत, पण डब्यात बोलणं फक्त पाकिस्तानशी चाललेल्या लढाईचं. उतरायचं अमृतसरला, वायुसेनेच्या रडार युनिटवर. रेडिओवर त्याचं नाव ‘फिश ऑइल’. आज तुम्ही सेन्सरचे मोठे इंजिनिअर असाल. इथं बाह्या वर करा आणि आत या.

दार लागलं की पहिल्याच मिनिटाला सदरा पाठीला चिकटतो. रडारचे शेकडो इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह तापलेत. गरम बेकेलाइट, डिझेल आणि घाम यांचा एकच वास नाकात बसतो. पंख्याची घरघर, जनरेटरची धडधड, कानात हेडफोनची खरखर. समोरच्या गोल पडद्यावर उजेडाची रेघ फिरतेय. रेघ पुढं सरकते, मागं तांदळाच्या कणीएवढा ठिपका उरतो आणि हळूहळू विझतो. दीडशे किलोमीटरवरच्या विमानाला आपटलेली लहर सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येते. पण तो ठिपका विमानाचा की जमिनीचा, हे यंत्र खात्रीनं सांगत नाही. ते तुमच्या डोळ्यांनीच ठरवायचं. इथला खरा सेन्सर माणूसच आहे, असं माझं ठाम मत आहे.

पारदर्शक फळ्यामागं उभा असलेला पोरगा मेणाच्या पेन्सिलीनं उलटे आकडे लिहितो, म्हणजे समोरच्या साहेबांना ते सुलटे दिसतील. विंग कमांडर दंडपाणि माइकवरून वैमानिकाला दिशा आणि उंची सांगतात. आवाज चढत नाही. पठाणकोटची नॅट विमानं याच आवाजाच्या भरवशावर पाकिस्तानी सेबर विमानांच्या मागं लागली होती.

आता घाबरायची वेळ. झाडांच्या शेंड्यांवरून येणारं विमान पृथ्वीच्या गोलाईआड लपतं. ते पंचवीस-तीस किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे हातात जेमतेम दोन मिनिटं. आणि ते येतंय तुमच्यावरच, कारण शत्रूला हे रडार नको आहे. बाहेर विमानविरोधी तोफा धडाडतात, केबिन हादरते, छपरावरून धूळ सांडते. तरी पडद्यावरून नजर हलवायची नाही.

हल्ला ओसरला की बाहेर या. जळक्या दारूचा वास अजून हवेत आहे, आणि गावकरी परोठे नि लस्सीचे गडवे घेऊन उभे आहेत. पोटभर खा. लगेच आत जायचंय, एक व्हॉल्व्ह बदलायचाय.

फिश ऑइलवर पुन्हा पुन्हा हल्ले झाले, तरी त्या लढाईत ते पाहत राहिलं. वैमानिकांना पदकं मिळाली, त्यांची नावं छापून आली. व्हॉल्व्ह बदलणाऱ्यांची फारशी आली नाहीत. तुमच्या आळीत वायुसेनेच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले कुणी काका असतील, तर या रविवारी त्यांच्याकडं जा, विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.