चेन लावायची म्हणून इंजिन मागे

मोटरसायकलचं इंजिन चार चाकांच्या गाडीत बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, जागेचा असतो. बाइकच्या इंजिनाच्या पोटातच गिअरबॉक्स असतो, त्यातून एका बाजूला छोटं स्प्रॉकेट बाहेर येतं आणि तिथून चेन निघते ती मागच्या चाकाला. इंजिन पुढे ठेवलं तर ही चेन ड्रायव्हरच्या बुडाखालून न्यावी लागेल. त्यापेक्षा इंजिन सीटच्या मागे, अ‍ॅक्सलला खेटून ठेवलं की काम संपलं.

या आळशी वाटणाऱ्या निर्णयाने फॉर्म्युला वन बदललं. 1946 सालचं इंग्लंड. महायुद्ध नुकतंच संपलंय, पैसा नाही, पण रेसिंगची खाज आहे. चार्ल्स आणि जॉन कूपर हे गॅरेजवाले बाप-लेक. त्यांनी फियाट टोपोलिनोचे दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि मागे जेएपी कंपनीचं 500 सीसीचं मोटरसायकलचं इंजिन टाकलं. मागेच का? चेनमुळे. तोपर्यंत बहुतेक रेसिंग कारची इंजिनं पुढे असायची. 1948 मध्ये असल्याच एका कूपर 500 मधून स्टर्लिंग मॉस नावाचा पोरगा शर्यती जिंकायला लागला. पुढे इंजिनं मोठी झाली, चेन गेली, पण इंजिनाची जागा तीच राहिली. 1958 ला अर्जेंटिनात मॉसने मागे इंजिन असलेल्या कूपरमधून ग्रां प्री जिंकली. 1959 आणि 1960 ला जॅक ब्रॅबहॅम कूपरमधूनच जगज्जेता झाला. मग फेरारीलासुद्धा इंजिन मागे न्यावं लागलं.

गो-कार्टची गोष्ट यापेक्षा साधी आहे. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने गवत कापायच्या मशीनचं टू-स्ट्रोक इंजिन पाइपच्या सांगाड्यावर बसवलं. हे खूळ इंग्लंडला पोचल्यावर तिथल्या लोकांनी 200 सीसीचं व्हिलियर्स मोटरसायकल इंजिन गिअरबॉक्ससकट कार्टवर चढवलं. म्हणजे आपण आज कॉलेजात 'प्रोजेक्ट' म्हणून जे करतो, त्याला साठ वर्षं होऊन गेली.

दौलताबादकडच्या आमच्या पोरांना हे सगळं नंतर इंटरनेटवर कळलं. आमच्यापर्यंत इंजिन आलं ते वाळूजमुळे. 1985 मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला लेथ, प्रेस, वेल्डिंगची छोटी वर्कशॉपं उगवली. यादवांच्या राजधानीचा, तुघलकाच्या हट्टाचा इतिहास आम्हाला शाळेत पाठ करायला लावला. पण आमच्या घरांत खरा फरक पडला तो या शिफ्टच्या भोंग्याने. ही शाळेबद्दलची तक्रार नाही. भोंग्याचा इतिहास कुणी लिहिलाच नाही, एवढंच.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी मित्राच्या घरामागच्या शेडमध्ये कार्ट बनवली. अपघातात गेलेल्या पल्सर 150 चं इंजिन घेतलं. मित्राच्या वडिलांनी एकच अट घातली: इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे आणि पावती हवी, नाहीतर चोरीचा माल म्हणून पोलीस दारात येतील.

मग गणित. बाइकचं मागचं चाक टायर धरून साधारण 24 इंच, कार्टचं 11. बाइकचं चाक एका फेऱ्यात जवळपास 1.9 मीटर पुढे जातं, कार्टचं जेमतेम 0.9. तीच स्प्रॉकेटं ठेवली तर जिथे बाइक साठला धावते तिथे कार्ट सत्तावीस-अठ्ठावीसला. म्हणून मागचं स्प्रॉकेट लहान करायचं. लेथवाल्या काकांनी ते करून दिलं आणि वर विचारलं, "डिफरेन्शियल कुठंय रे?" नव्हतंच. कार्टचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतलं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी नीट वळते. ते उचलायचं काम स्टिअरिंगची भूमिती आणि लवचिक सांगाडा करतात, सस्पेन्शन नसतंच. काकांना हे पटेना. आम्ही मोकळ्या प्लॉटवर चालवून दाखवल्यावर ते स्वतः बसले आणि तीन चकरा मारूनच उतरले.

प्लॉटवरच, कारण रस्त्यावर परवानगी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. आमच्या कार्टची तर नोंदणीच नव्हती. कायदा मला चुकीचा वाटत नाही. एकाच डिस्कवर थांबणारी गाडी घेऊन मी घाटात उतरणार नाही. पण त्याच कायद्यासमोर मोठा आणि छोटा कसे उभे राहतात ते बघा. बजाजने 2012 मध्ये आरई60 दाखवली: चार चाकं, मागच्या बाजूला 216 सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, बाइकसारखे एकामागोमाग पडणारे गिअर. तिच्यासाठी क्वाड्रिसायकल हा नवा वर्ग तयार झाला, वाद कोर्टात गेले, आणि 2019 मध्ये 'क्यूट' नावाने ती इथल्या ग्राहकाला मिळाली. सात वर्षं लागली, पण नियमच बदलला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हट्टापायी साठेक हजारांत किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी डिसेंबर 2021 मध्ये तिचं कौतुक केलं, आणि ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या थांबवली जाईल, हेही सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये लोहारांना नवी बोलेरो मिळाली आणि त्यांची जीप कंपनीच्या संग्रहाकडे गेली. महिंद्रांनी केलं ते चांगलंच. तरी मला त्या जीपचं वाईट वाटतं. लोहारांसारख्या माणसाला गाडी तपासून घ्यायला, ब्रेक कमी पडतो की चाकं, हे कुणाकडून ऐकायला जवळपास एक सोपी जागा असती तर?

आमच्या कार्टला एक रोग होता: ती तापायची. बाइकचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. सीटच्या मागे वारा पोचत नाही. आम्ही पत्र्याचा एक बोगदा वाकवून बाजूची हवा सिलिंडरच्या पात्यांवर वळवली होती. मी पुण्याला कोड लिहायला आल्यावर कार्ट तीन वर्षं शेडमध्ये पडून होती. मग मित्राच्या भावाने इंजिन काढून कोळप्याच्या गाड्याला लावलं. कपाशीच्या ओळींतून ते आता पहिल्या गिअरमध्ये तासन् तास रांगतं आणि अर्थातच तापतं. परवा त्याचा फोन आला होता, तो पत्र्याचा बोगदा कुठे ठेवलाय म्हणून.