अळणावरच्या फलाटावरचा प्रश्न

गोव्याहून धारवाडला रेल्वेने गेलेल्यांना अळणावर ठाऊक असेल. दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा मागे पडले, जंगल विरळ होऊ लागले की हे स्टेशन येते. येथूनच दांडेलीकडे फाटा जातो. जंगलातल्या लाकडाच्या वाहतुकीमुळे या जंक्शनला महत्त्व आले. आज अळणावर हा धारवाड जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका आहे.

1982 साली याच फलाटावर मी आणि वडील एका लोखंडी पेटीवर बसलो होतो. पेटी माझ्या धाकट्या भावाची. धारवाडच्या शेतकी कॉलेजात तो शिकत होता. काविळीने गेला. त्याचे सामान घेऊन आम्ही परतत होतो. गाडी खोळंबली म्हणून खाली उतरलो होतो. बराच वेळ गप्प बसून वडील एवढेच म्हणाले, "घरी गेल्यावर तुझ्या आईच्या देवाला आता काय सांगायचं रे?"

मला उत्तर सुचले नाही. पुढे कित्येक वर्षांनी कळले की ज्या शहरातून आम्ही ती पेटी उचलून आणली, त्याच शहरात या प्रश्नाशी दोन माणसे आयुष्यभर झुंजली होती. दोघांच्याही घरची भाषा मराठी. एकाने कन्नडमध्ये लिहिले, दुसऱ्याने मराठीत.

पहिले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. जन्म धारवाडचा, 1896चा. 'अंबिकातनयदत्त' हे त्यांचे टोपणनाव. अंबिका हे आईचे नाव, म्हणजे टोपणनावातच आईही आली आणि देवही आला! 'नरबलि' या कवितेपायी इंग्रज सरकारने त्यांना हिंडलग्याच्या तुरुंगात टाकले आणि नंतर मुगदला नजरकैदेत ठेवले. हे मुगद अळणावर-धारवाड मार्गावरच लागते. आमची गाडी त्या दिवशी तिथूनच आली होती, पण मला ते नाव म्हणजे फक्त एक पाटी होती. पुढे कित्येक वर्षे बेंद्र्यांना कायमची नोकरी नव्हती. 1944 साली सोलापूरच्या कॉलेजात त्यांना कन्नडच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. त्याहून मोठे दुःख घरात होते. त्यांची कितीतरी अपत्ये डोळ्यांदेखत गेली. मूल जाते आहे आणि बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघते आहे, त्या नजरेवर त्यांनी कविता लिहिली. नवरा तिला एवढेच विनवतो की अशी माझ्याकडे पाहू नकोस. त्या कवितेत देवाची वकिली नाही, की सांत्वनही नाही. तरीही बेंद्र्यांची श्रद्धा मोडली नाही. 'नाकु तंती' म्हणजे 'चार तारा' या संग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले.

दुसरे जी. ए. कुलकर्णी. जन्म 1923चा, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, काळा चष्मा लावणारा, सभा-समारंभ टाळणारा माणूस. 'काजळमाया'ला 1973चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यावर वाद उठला, आणि जी.एं.नी तो सरळ परत करून टाकला. आईवडील त्यांनी लवकर गमावले. त्यांच्या कथेत माणूस नियतीच्या हातात सापडतो आणि देव मदतीला येत नाही. म्हणून त्यांना निराशावादी, शून्यवादी म्हणण्याची पद्धत पडली.

मला ते पटत नाही. 'शून्यवादी' हा शब्द युरोपात गाजला तो तुर्गेनेव्हच्या 1862च्या 'पितापुत्र' कादंबरीमुळे. कशालाच किंमत नाही असे मानणारा तिचा नायक. जी.एं.ची 'स्वामी' ही 'पिंगळावेळ'मधली कथा वाचा. एका वाटसरूला मठात कोंडून बळेच स्वामी केले जाते. सुटका नाही. पण त्या अंधारात उगवलेल्या एका वेलीत त्याचा जीव गुंततो, तिने तरी उजेडात जावे म्हणून. ज्याला कशाचीच किंमत नाही त्याच्या हातून ही वेल लिहून होईल काय? जी.एं.नी नाकारली ती खोटी समजूत. जगण्याची किंमत त्यांनी नाकारली नाही.

आणि शून्याचेच बोलायचे, तर कन्नड मुलखाला तो शब्द परका नाही. अल्लमप्रभूंभोवती गुंफलेल्या 'शून्यसंपादने' या पंधराव्या शतकातल्या ग्रंथात शून्य म्हणजे रितेपण नव्हे, ती साधकाची सर्वांत वरची पायरी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानेच 1965 पासून या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पाच खंडांत छापले.

बेंद्रे 1981 साली गेले, आमच्या त्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी. जी.ए. तेव्हा धारवाडातच होते. ते 1987 साली पुण्यात वारले. दुःखाने माणूस नास्तिक होतो असे आपण सहज म्हणतो. मुलांच्या मरणाचे दुःख बेंद्र्यांच्या वाट्याला आले, आणि सश्रद्ध राहिले तेच! तेव्हा श्रद्धा काय आणि अश्रद्धा काय, दुःखाच्या वजनावर ठरत नसावी. मात्र दोघांनीही दुःखाकडे पाठ फिरवली नाही आणि हातातले काम टाकले नाही. मला दोघांत साम्य दिसते ते इथेच.

आमच्या घरी पेटी आली तेव्हा आईने देवघरातला दिवा लावणे बंद केले होते. चतुर्थी आली आणि गेली, घरात आरती झाली नाही. मग एका संध्याकाळी तिने आपणहून वात वळली. का, ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. वडिलांनी मात्र पुन्हा कधी हात जोडले नाहीत. ते शेजारपाजारच्या मुलांना रोज संध्याकाळी गणिते शिकवायला बसू लागले, फी न घेता. ते त्यांनी अखेरपर्यंत चालवले. वीज गेली की मुले पाट्या घेऊन देवघराच्या दाराशी सरकत, आईच्या दिव्याच्या उजेडात. आई वात थोडी पुढे करायची आणि वडील पुढचे गणित सांगायचे.

अळणावरच्या फलाटावरचा प्रश्न त्या दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.